पेंग्विनच्या हाती गेमपॅड

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि आमच्या नंदुरबारकडचे कितीतरी लॅपटॉप एका फटक्यात ‘म्हातारे’ झाले. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, ते यांच्यात कुठलं? शहाद्याच्या मावसभावाने नवा मागितला असता तर काकांच्या मिरचीचे पैसे त्यातच गेले असते. म्हटलं, थांब, लिनक्स मिंट टाकू.

गेमिंगचं काय? फंडा सोपा आहे. व्हॉल्व्हने २०१८ मध्ये आणलेलं प्रोटॉन विंडोजचे गेम लिनक्सवर पळवतं. २०२२ च्या स्टीम डेकची सगळी मदार त्यावरच. गेमपॅडचीही कटकट नाही. एक्सबॉक्सच्या पॅडचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो. वायर जोडा, खेळा! ड्युअलसेन्सचा तर खुद्द सोनीने लिहिलाय, २०२१ च्या ५.१२ कर्नलपासून. स्वस्तातल्या पॅडला ‘एक्स’-‘डी’ बटण असेल तर ‘एक्स’वर ठेवा.

व्हॅलोरंट मात्र विसरा. त्याच्या अँटी-चीटला विंडोजच हवं. भावाचं तोंड एवढंसं झालं, पण इलाज नाही. आणि हो, आधी पेनड्राइव्हवरूनच मिंट चालू करून ग्राफिक्सला व्हल्कन झेपतंय का बघा. ते नसेल तर नवे गेम उघडतच नाहीत.