मोहाखालचा वर्ग

मार्च-एप्रिलमध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या आलापल्लीच्या आसपासच्या गावांत पहाटेपासून मोहाच्या झाडांखाली माणसं दिसू लागतात. रात्रभर गळलेली फुलं ऊन चढायच्या आत वेचावी लागतात आणि त्याला घरातल्या पोरांचेही हात लागतात. नेमकी त्याच वेळी आमची उन्हाळ्यातली सकाळची शाळा भरते. मग गैरहजेरी वाढते आणि या पोरांना शिक्षणाची गोडीच नाही, असा शेरा मारला जातो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. हा शेरा मला मुळीच मान्य नाही.

डहाणू तालुक्यातल्या कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्यापुढेही असाच पेच होता. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी शाळाच कुरणावर नेली. आम्हीही हंगामातले काही पाठ मोहाखाली घेतो.

सुरुवात वजनापासून होते. ओली फुलं टोपलीसकट तोलायची, टोपलीचं वजन वजा करायचं आणि फुलं वाळेपर्यंत रोज पुन्हा तोलायचं. सहावी-सातवीची मुलं घटत जाणाऱ्या वजनाचा आलेख काढतात. फळ्यावर रुसलेली शेकडेवारी इथे ती एकमेकांशी भांडून सोडवतात, कारण फुलं त्यांच्या घरची असतात.

मग आगीचा विषय निघतो. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळायची रीत जुनी आहे. तीच आग पसरली की वणवा होतो आणि साग-बांबूची कोवळी रोपं जातात. जाळू नका, हे वन विभाग सांगतोच. पण का जाळतात, हे मुलांनी गावातल्या एका आजींना विचारलं. आजी माडिया या इथल्या आदिवासी भाषेतून बोलत होत्या. वर्गात मराठीत क्वचितच तोंड उघडणारी एक मुलगी त्यांचं म्हणणं मला मराठीत सांगत होती. झाडं लांब लांब, झाडलोट करायला माणसं कमी, हे आजींचं कारण खरंच होतं. मुलांनी एका झाडाखालचा पाचोळा झाडून काढला, दुसऱ्याखाली जाळी अंथरली आणि दोन्हीकडे लागलेला वेळ मोजला. जाळीवरची फुलं स्वच्छ राहिली, पण जाळीला पैसे लागतात. तो हिशेबही वहीत उतरला. विज्ञान, गणित, भाषा आणि गावाचा प्रश्न त्या दोन तासांत वेगळे काढता आले नसते.

एका पालकांनी मला विचारलं, “मॅडम, पोराले शिकवून पुन्हा जंगलातच धाडता काय?” या शंकेला मी फार मान देते. 1937 साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हातकामातून शिकवणारी नयी तालीम मांडली तेव्हाही मुलांच्या हातच्या वस्तू विकून शाळा चालवण्यावर मोठा आक्षेप होता. म्हणून आमचा नियम असा की फुलं घरी जातात, शाळा फक्त आकडे ठेवते. पुस्तकातला बीजगणिताचा धडाही सुटत नाही. आमच्याच रस्त्यावर पुढे हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्पाची आश्रमशाळा 1976 पासून आहे. जंगलाशी नातं राखून तिथली माडिया मुलं डॉक्टर झाली, वकील झाली. शिवाय मे महिन्यात तेंदूपत्ता येतो. सत्तर पानांचा पुडा, हजार पुड्यांची प्रमाण गोणी, शेकडा पुड्यांचा दर. फळीवर, म्हणजे पानं जमा करण्याच्या केंद्रावर, आपल्या नावापुढचा आकडा पडताळू शकणारं मूल घरात असणं, हा त्या पालकांना पटलेला भाग होता.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलाचा सर्वांगीण विकास आणि कृतीतून शिकणं अभ्यासक्रमात घातलं आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. हंगामाचं वेळापत्रक त्यांनीच ठरवावं, असा माझा आग्रह आहे. पैशाचा प्रश्न मात्र गावावर ढकलता येत नाही. टोपली विणायला शिकवणारे आजोबा दिवसाची मजुरी बुडवून वर्गात बसतात. त्यांना बोलावलं की त्यांची मजुरी द्यायलाच हवी, आणि त्यासाठी शाळेच्या अनुदानात स्वतंत्र तरतूद हवी.