निसर्गदेवता आणि वाद्यांची उत्पत्ती : ग्रीक कथा व वारली तारपा

संगीताच्या उत्पत्तीविषयीच्या ग्रीक पुराणकथा बहुतांशी वाद्यांच्या जन्मकथा आहेत. होमरच्या नावावर चालत आलेल्या हर्मीस-स्तोत्रात हा देव जन्मदिवशीच एक कासव मारतो आणि त्याच्या कवचावर मेंढीच्या आतड्याच्या सात तारा चढवून लायर सिद्ध करतो. जिवंतपणी मुका असलेला प्राणी मेल्यावर गाईल, हे त्याचे भाकीत खरे ठरते. पुढे अपोलोच्या गाई चोरल्याचा तंटा हेच वाद्य देऊन मिटतो. ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फोसिस’ या लॅटिन काव्यात मेंढपाळांचा देव पॅन सिरिंक्स या वनदेवतेचा पाठलाग करतो. लाडोन नदीकाठी तिचे बोरूत रूपांतर होते. त्या बोरूच्या लहानमोठ्या नळ्या मेणाने जोडून पॅन आपला पावा करतो.

दोन्ही कथांत निसर्गातील एक जीव नाहीसा होतो व त्याचा स्वर मागे उरतो. वाद्य ज्या द्रव्याचे बनले, त्या द्रव्याचे ऋण या कथांनी स्मरणात ठेवले आहे, असे म्हणता येईल.

महाराष्ट्रात या संदर्भात वारल्यांच्या तारप्याचा विचार उद्‌बोधक ठरतो. वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या दोन नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा मेणाने सांधून तारपा तयार होतो. मेण येथेही आहे. परंतु वनदेवतेच्या पाठलागाची कथा शोधण्याचे कारण नाही. येथे निसर्गाशी असलेले नाते मुख्यतः आचारातून व्यक्त होते. वारली नारणदेवाला पर्जन्याची देवता मानतात. पावसाळा सरून भात तयार झाले की तारपा वाजू लागतो आणि वादकाला मध्ये ठेवून नर्तकांची साखळी फिरते. ग्रीकांनी जे कथेत सांगितले, ते वारल्यांनी ऋतुक्रमात गुंफले.

हे साम्य उसनवारीचे नव्हे. रानात वावरणाऱ्या समाजांच्या हाताशी नळी, भोपळा, कवच, कातडे हीच साधने होती. साम्याचे मूळ तेथे आहे. म्हणून तुलना कथांपाशी न थांबता वाद्यांच्या घडणीपर्यंत गेली पाहिजे. जालना जिल्ह्यातील आष्टीसारख्या गावी क्षेत्रकार्य करणाऱ्या विद्यार्थ्याला खंडोबाच्या जागरणातील दिमडी व तुणतुणे पाहावयास मिळाले, तर त्याने केवळ गीते उतरवून घेऊ नयेत. कातडे कोणाचे, लाकूड कोणते, आणि वाद्य केव्हा वाजवावयाचे नाही, हेही विचारावे. दैवतकथेचा हरवलेला धागा कित्येकदा या उत्तरांतच सापडतो.