समुद्रातल्या तीन वस्त्या आणि उशिरा पोचलेली वीज

आमच्या कसबा पेठेत तासभर वीज गेली तरी आळीभर ओरड होते. पोरांची परीक्षा असते, वर पाणी चढत नाही, घरात म्हातारे माणूस आजारी असते. कारणे सगळी खरीच. पण मुंबईच्या नजरेसमोरच्या एका गावाने स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षे विजेची वाट पाहिली, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

ते गाव म्हणजे घारापुरी. गेटवे ऑफ इंडियाहून लाँचने तासाभराच्या अंतरावरचे हे बेट रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्यात मोडते. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशा तीन वस्त्या, माणसे सुमारे बाराशे. पोर्तुगीजांना येथे दगडी हत्ती दिसला, म्हणून त्यांनी बेटाला एलिफंटा नाव दिले. तो हत्ती आज भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. येथील लेणी १९८७ साली जागतिक वारसा ठरली. जगभरचे पाहुणे येऊ लागले. पण संध्याकाळची शेवटची लाँच सुटली की बेटावर गावकरीच उरत. जनरेटरवर काही तास दिवे लागत आणि मग अंधार. समोर मुंबई आणि न्हावा-शेवा बंदर मात्र रात्रभर लखलखत असे.

अखेर समुद्राच्या तळातून सुमारे साडेसात किलोमीटर केबल टाकून महावितरणने बेटावर वीज नेली. सुमारे पंचवीस कोटी रुपये खर्च आला. २२ फेब्रुवारी २०१८ रोजी घारापुरीत दिवे लागले. तोवर तेथील कितीतरी मुलांचे शिक्षण कंदिलाच्या उजेडात होऊन गेले होते.

मूठभर माणसांसाठी एवढा खर्च कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. आम्ही उलट विचारतो, हक्क काय डोकी मोजून द्यायचे असतात? पॅसिफिक महासागरात पिटकेर्न नावाचे बेट आहे. विमानतळ नाही, लोकवस्ती आज पन्नासाच्या आसपास. बंड करून आलेले इंग्रज खलाशी आणि ताहिती बेटावरच्या स्त्रिया यांची ही वंशावळ. त्या ठिपक्याएवढ्या बेटावर १८३८ साली स्त्रियांना मताचा हक्क मिळाला आणि मुलामुलींना शाळा सक्तीची झाली. आमच्या पेठेपासून चालत जाण्याच्या अंतरावर, भिडेवाड्यात, जोतिराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती त्यानंतर दहा वर्षांनी, १८४८ साली. अर्थात कायदा झाला म्हणजे काम संपले असेही नाही. त्याच पिटकेर्नवर मुलींवरील अत्याचारांबद्दल २००४ साली खटले चालले आणि पुरुष दोषी ठरले. हक्क मिळवावा लागतो, तसा तो राखावाही लागतो.

घारापुरीच्या माणसाला मताचा हक्क संविधानाने १९५० सालीच दिला. त्याच्या घरात दिवा मात्र २०१८ साली लागला. मत समान, पण जगणे असमान राहील, हा धोका बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत सांगून ठेवला होता. घारापुरीचा अंधार हा त्याचाच दाखला. आजही तेथील माणसाला कॉलेजसाठी, मोठ्या दवाखान्यासाठी समुद्र ओलांडावाच लागतो.

सुट्टीत मुलाबाळांना घेऊन घारापुरीला जरूर जा. सोमवारी लेणी बंद असतात. बहुतेक लोक मोठे लेणे पाहून परततात. पूर्वेकडच्या डोंगराला स्तूप टेकडी म्हणतात. तेथे विटांच्या प्राचीन स्तूपाचे अवशेष आहेत, ते मुलांना माहीत असू द्या. लाँचमध्ये लाइफ जॅकेट मागून घ्या. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच वाटेवर नौदलाची वेगवान बोट प्रवासी लाँचवर आदळून माणसे दगावली. आपण त्या वाटेने वर्षातून एखाद्या वेळी जाऊ. घारापुरीकरांचा तो रोजचा रस्ता आहे. जेवण, सरबत, वस्तू तेथल्याच बायाबापड्यांकडून घ्या आणि दोन शब्द बोला. गावात दिवे नसताना घरात अभ्यास कसा होत असे, हे आपल्या मुलांनी त्यांच्याच तोंडून ऐकावे.