साडेवीस ग्रॅमची पुडी

उन्हाळ्यात मेहकरातल्या कुठल्याही दवाखान्यात अर्धा तास बसा. जुलाबानं मलूल झालेलं लेकरू खांद्यावर टाकून बाई आत येते आणि टेकायच्या आधीच म्हणते, "डॉक्टर, सलाईन लावून द्या बरं." बाटली टांगली, थेंब पडू लागले, की सोबत आलेल्या चौघांचा जीव भांड्यात पडतो.

अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये असतं काय? पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ. बस! जुलाबात पाजायच्या ओआरएसच्या पुडीत मात्र साडेवीस ग्रॅम ऐवज: ग्लुकोज 13.5, मीठ 2.6, बाकी पोटॅशियम क्लोराईड आणि सायट्रेट. लिटरभर पाण्यात ढवळा, चमच्यानं पाजा. ग्लुकोज आतड्यातून आत शिरताना सोडियमला सोबत नेतं, त्यांच्यामागे पाणी जातं, आणि जुलाब चालू असतानाही ही वाट उघडी असते. पिण्याचंही त्राण नसलेल्या लेकराला शिरेतून द्यावंच लागतं. पण तशी लेकरं थोडी.

आता एक माप घेऊ. 2011च्या जनगणनेत मेहकर शहराची वस्ती 45 हजारांच्या आसपास होती. त्याला म्हणू 'एक मेहकर'.

1971. बांगलादेश युद्धातले निर्वासित, भारताच्या सीमेवरच्या बनगावच्या छावणीत साडेतीन लाख, म्हणजे जवळजवळ आठ मेहकरं चिखलात बसलेली. त्यात कॉलरा, आणि सलाईन संपत आलेली. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा मोजून पुड्या बांधल्या, पाण्यात कालवून पिंपं भरली आणि पाजायचं काम नातेवाइकांवर सोपवलं. शंभरातले तीस दगावत होते, ते चारच्या आत आले. एवढं होऊनही जाणकार डॉक्टरांचा विश्वास बसेना. घरच्या माणसानं पाजलेलं साखर-मिठाचं पाणी, त्याला औषध म्हणायचं? निबंध छापून यायला 1973 उजाडलं.

त्यानंतर या पाण्यानं जगभरात वाचवलेल्या जिवांचा अंदाज 5 कोटींच्या वर धरतात. अकराशे मेहकरं! एकामागून एक मोजायला बसलात तर रात्र होईल.

आणि तरीही दरवर्षी जगात पाच वर्षांखालची चार लाखांहून जास्त मुलं जुलाबानं जातात. दिवसाला हजाराच्या वर. भारतात 2019-21च्या कुटुंब आरोग्य पाहणीत जुलाब झालेल्या शंभर मुलांपैकी साठेकांनाच ओआरएस मिळालं होतं.

अडतं कुठे? कर्नाटक आणि बिहारमधल्या 253 शहरांत 2,282 खासगी वैद्यकांकडे अभ्यासकांनी बापाचं सोंग घेतलेली माणसं पाठवली: दोन वर्षांच्या लेकराला जुलाब होतायत, काय देऊ? निष्कर्ष 2024मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आले. पुडी वैद्यकाकडे नव्हती म्हणून दिली नाही, याचा वाटा 6 टक्के. दुसऱ्या औषधात कमाई जास्त म्हणून, 5 टक्के. इथे मी चकित झालो. माझा सगळा संशय कमाईवर होता. सगळ्यांत मोठा वाटा, 42 टक्के, वैद्यकांच्या एका समजुतीचा निघाला: पेशंटला हे नकोच असतं.

काही 'बापां'नी नुसता मोबाईलमधला ओआरएसच्या पुडीचा फोटो पुढे केला होता. तेवढ्यावर शंभरात आणखी 27 जणांना वैद्यकांनी ओआरएस लिहून दिलं.