पंच चुकतो तेव्हा

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

'पंच' हा शब्द आपल्याकडे फार जुना. मुळात तो पाच जणांचा. गावातली पाच जाणती माणसे पारावर बसून निवाडा करीत आणि गाव तो मान्य करी. 'पंचांमुखी परमेश्वर' असे आपण म्हणतो ते त्यामुळेच. प्रेमचंदांची 'पंच परमेश्वर' ही १९१६ सालची गोष्ट पुष्कळांनी शाळेत असताना वाचली असेल. जुम्मन शेख आणि अलगू चौधरी हे जिवलग मित्र. जुम्मनच्या म्हाताऱ्या खालाने त्याच्याविरुद्ध पंचायत बोलावली आणि पंच म्हणून निवडले ते अलगूलाच. अलगूने मित्राच्या विरुद्ध निकाल दिला. पुढे बैलाच्या व्यवहारात अलगूची फिर्याद उभी राहिली, तेव्हा पंचाच्या जागी जुम्मन आला. सूड उगवायची संधी आयती चालून आली होती. पण त्या जागेवर बसताच त्याचे मन बदलले आणि न्याय अलगूला मिळाला. जागा माणसाला मोठी करते, असा त्या गोष्टीचा अर्थ.

फुटबॉलच्या मैदानावर मात्र त्या जागेवरच्या माणसाला परमेश्वर म्हणणारा कोणी भेटत नाही. तिथे तो पाच जणांचा नसून एकटाच असतो. मदतीला दोन कडांना दोन निशाणवाले सहायक. विचारविनिमयाला वेळ नाही, साक्षी-पुरावे नाहीत. शिट्टी वाजवायची की नाही, हे क्षणात ठरवायचे. आणि नियम असा, की खेळातल्या घटनेबद्दल पंचाचा निर्णय अखेरचा. खेळ पुन्हा सुरू होण्यापूर्वी तो स्वतःचा निर्णय बदलू शकतो, एकदा सुरू झाला की बहुतेक बाबतीत नाही. सामना संपतो, पण वाद मात्र चहाच्या टपरीवर, गाडीच्या डब्यात, घरातल्या जेवणावर चालूच राहतो. काही वाद पन्नास-साठ वर्षे चालले आहेत.

तेव्हा पहिला प्रश्न असा, की पंच चुकतो कसा? ऑफसाइडचे उदाहरण घेऊ. साध्या भाषेत सांगायचे, तर चेंडू पुढे ढकलला जातो त्या क्षणी आक्रमक खेळाडू चेंडूच्या आणि शेवटून दुसऱ्या बचावपटूच्याही पुढे असता कामा नये. म्हणजे निशाणवाल्याने चेंडूला पाय लागतो तो क्षणही पाहायचा आणि तीस-चाळीस मीटरवरची बचावाची रेषाही पाहायची. एका माणसाचे डोळे दोन ठिकाणी एकदम लागत नाहीत. आता हिशेब करा. आक्रमक पुढे धावतो आहे, बचावपटू उलट दिशेने बाहेर येतो आहे. दोघांचा वेग सेकंदाला सात-सात मीटर धरला, तर सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात त्यांच्यातले अंतर १.४ मीटरने बदलते. नजर एका जागेवरून दुसऱ्या जागेवर न्यायला तेवढा वेळ लागतोच. शिवाय उभे राहण्याची जागाही फसवते. नेदरलँड्समधील संशोधकांनी २००० साली दाखवून दिले, की सहायक बचावाच्या रेषेत नेमका उभा नसून थोडा पुढे-मागे असला, की तिरक्या नजरेमुळे त्याला खेळाडू नसलेल्या जागी दिसतात. यात लबाडी नाही. भिंतीवरचे घड्याळ बाजूने पाहिले की काटा थोडा सरकलेला दिसतो, तसाच हा प्रकार.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा. तीच चूक आपल्या विरुद्ध गेली तर डोंगराएवढी दिसते आणि आपल्या बाजूने गेली तर दिसतही नाही, असे का? १९५१ साली अमेरिकेत प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन विद्यापीठांमध्ये अमेरिकन धाटणीच्या फुटबॉलचा सामना झाला. फार दांडगाईचा सामना. एकाचे नाक मोडले, दुसऱ्याचा पाय. पुढे दोन मानसशास्त्रज्ञांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना त्या सामन्याची एकच फिल्म दाखवली आणि आगळिका मोजायला सांगितल्या. डार्टमथच्या खेळाडूंच्या जेवढ्या आगळिका डार्टमथच्या मुलांना दिसल्या, त्याच्या दुपटीहून अधिक प्रिन्स्टनच्या मुलांना दिसल्या. फिल्म तीच, पडदा तोच. १९५४ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याचे सार असे, की मुले खोटे बोलत नव्हती, त्यांना खरोखरच तसे दिसले होते. प्रेमात पडलेल्या माणसाला जसे दिसते, तसेच संघाच्या चाहत्यालाही दिसते.

आणि पंचही याच हाडामांसाचा. २००२ साली इंग्लंडमध्ये चाळीस पात्र पंचांना एका सामन्यातील ४७ झटापटींचे चित्रण दाखवण्यात आले. काहींना प्रेक्षकांच्या गलक्यासह, काहींना आवाज बंद करून. गलका ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाउल दिले. स्पेनमधल्या सामन्यांचा अभ्यास असे सांगतो, की यजमान संघ एका गोलने पिछाडीवर असेल तर शेवटी जोडून मिळणारा वेळ, तो एका गोलने पुढे असतानाच्या मानाने जवळजवळ दुप्पट होतो. २०२० साली कोरोनाच्या काळात रिकाम्या मैदानांवर सामने झाले, तेव्हा पाहुण्या संघाला जास्त पिवळी कार्डे मिळण्याची जुनी रीत बरीच सौम्य झाली. म्हणजे गंमत पाहा. पंचावर ओरडणारे आपण, आणि त्याचा तराजू हलवणारेही आपणच.

मग यंत्र आणले तर? १९६६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंड आणि पश्चिम जर्मनी २-२ असे बरोबरीत असताना, जादा वेळेत जेफ हर्स्टने मारलेला चेंडू आडव्या दांड्याला लागून खाली आपटला आणि बाहेर आला. पूर्ण चेंडू रेषेपलीकडे गेला, तरच गोल. स्विस पंच निशाणवाल्याकडे गेला, निशाणवाल्याने होकार दिला, गोल झाला, इंग्लंडने सामना ४-२ असा जिंकला. तो निशाणवाला तोफिक बहरामोव. इंग्रज त्याला 'रशियन लाइन्समन' म्हणत राहिले, पण तो होता अझरबैजानचा. आज बाकू शहरात त्याच्या नावाचे स्टेडियम आहे, पुतळाही आहे. एकाच होकाराने तो इंग्लंडला देवदूत वाटला आणि जर्मनीला अन्यायाचे रूप.

चव्वेचाळीस वर्षांनी, २७ जून २०१० रोजी दक्षिण आफ्रिकेत तेच दोन देश समोरासमोर होते. जर्मनी २-१ ने पुढे असताना लॅम्पार्डचा चेंडू दांड्याला लागून रेषेच्या चांगलाच आत पडला. टीव्हीसमोरच्या लहान मुलालाही दिसले, फक्त पंचांना दिसले नाही. जर्मनीने ४-१ असा विजय मिळवला. कितीतरी जर्मन चाहत्यांना वाटले, १९६६ ची फिटंफाट झाली. त्या गोलने एक काम मात्र केले. २०१२ साली गोलरेषेवरच्या यंत्रणेला मान्यता मिळाली आणि २०१४ च्या विश्वचषकात ती वापरली गेली. २०१८ पासून विश्वचषकात व्हिडिओ पंचही आला.

यंत्र आल्यावर वाद मिटायला हवा होता. गोल झाला की नाही, हा वाद मिटलाच. कारण त्याचे उत्तर हो किंवा नाही असे असते. पण हात मुद्दाम लागला की ओघात, धक्का पुरेसा जोराचा होता की नाही, याचे उत्तर कॅमेरा देत नाही. ते माणसालाच द्यावे लागते. आणि माणूस आला की चूक आली. ३० सप्टेंबर २०२३ रोजी लंडनमध्ये टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुईस दियाझने गोल केला. सहायकाने ऑफसाइडचे निशाण वर केले. व्हिडिओ कक्षात तपासणी झाली, रेषा आखल्या गेल्या, गोल योग्य असल्याचे दिसले. पण कक्षातल्या पंचाचा समज असा, की मैदानावर गोल दिलेलाच आहे! त्याने 'तपासणी पूर्ण' एवढेच सांगितले. मैदानावर त्याचा अर्थ 'ऑफसाइड कायम' असा घेतला गेला. चूक ध्यानात आली तोवर खेळ सुरू झाला होता आणि नियमाने मागे जाता येत नव्हते. यंत्राने बरोबर सांगितले, दोन माणसांच्या बोलण्यात ते हरवले.

म्हणजे चूक राहणारच. तिच्याशी आपण वागतो कसे, हा खरा प्रश्न. आणि इथे निष्ठा येते.

निष्ठा ही साधी गोष्ट नाही. कोलकात्यात मोहन बागानची स्थापना १८८९ ची. १९११ साली या संघाने गोऱ्या पलटणीच्या संघाला हरवून आयएफए शील्ड जिंकली, तेव्हा ते नुसते खेळातले यश राहिले नाही. ईस्ट बंगाल १९२० चा. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून घरदार सोडून आलेल्या लाखो लोकांना त्या नावात हरवलेला मुलूख सापडला. मोहमेडन स्पोर्टिंगने १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षे कलकत्ता लीग जिंकली, तेव्हा देशभरच्या मुसलमानांनी ते यश आपले मानले. आपल्याकडे कोल्हापुरात संघ तालमींचे आणि पेठांचे. पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ शाहू स्टेडियमवर उतरले, की दोन पेठा उतरतात. अशा ठिकाणी पंचाची शिट्टी ही नुसत्या फाउलची राहत नाही. आपल्या माणसांचा अपमान झाला, असे वाटू लागते.

याच वातावरणात एखादा चाहता म्हणतो, "पंच बरोबर होता रे. आपणच तीन संधी घालवल्या." लगेच त्याला विचारणा होते, "तू नक्की कोणाच्या बाजूचा?" हा प्रश्न ऐकायला लहान आहे. पण निष्ठा सिद्ध करून दाखव, अशी मागणी ज्याच्या वाट्याला मैदानाबाहेरही वरचेवर येते, त्याला त्याचे वजन ठाऊक असते. माझ्यासारख्याला तर चांगलेच. खरे बोलणे ही निष्ठेतली उणीव ठरू लागली, की त्या घरात फक्त होयबा उरतात. अलगू चौधरीने जुम्मनविरुद्ध निकाल दिला, तेव्हा त्याची मैत्री तुटल्यासारखी झाली होती. तरी ती खरी मैत्री होती, हे जुम्मनला स्वतः पंच झाल्यावरच उमगले.

संघांनाही हा मोह पडतो. ९ डिसेंबर २०१२ रोजी सॉल्ट लेकच्या मैदानावर मोहन बागान-ईस्ट बंगाल सामन्यात पंचाशी हुज्जत घातल्याबद्दल मोहन बागानच्या ओडाफाला लाल कार्ड मिळाले. प्रेक्षकांत दंगल उसळली. मोहन बागानचा सय्यद रहीम नबी चेहऱ्यावर दगड लागून जखमी झाला. हा नबी पूर्वी ईस्ट बंगालचाही लाडका खेळाडू. दगडाला रंग ओळखता येत नाही. मध्यंतरानंतर मोहन बागान मैदानात आला नाही. आधी आय-लीगमधून बंदी, मग ती मागे घेऊन दोन कोटींचा दंड आणि तोवरचे सारे गुण शून्य, अशी शिक्षा झाली. ३ मार्च २०२३ रोजी बंगळुरूमध्ये सुनील छेत्रीने बचावाची भिंत उभी राहण्याआधीच फ्री किक मारून गोल केला. पंचाने तो दिला आणि केरळ ब्लास्टर्सचा संघ मैदान सोडून गेला. त्यांना चार कोटींचा दंड झाला. हा स्वाभिमान की आततायीपणा, यावर केरळात खूप वाद झाला. माझ्या मते पंचाच्या चुकीवर दाद मागण्याला जागा असते, उठून गेलेल्या संघाला मात्र ती उरत नाही.

आणि १६ ऑगस्ट १९८० विसरता येत नाही. ईडन गार्डन्सवर तेच दोन संघ. मैदानावर दोन खेळाडूंची झटापट झाली, दोघांनाही बाहेर काढण्यात आले. दोन्ही संघांचे चाहते एकाच स्टँडमध्ये शेजारी शेजारी बसले होते. मारामारी झाली, दगड आले, पळापळ झाली आणि चेंगराचेंगरीत सोळा जण मेले. सकाळी घरून सामना पाहायला म्हणून निघालेली माणसे. त्या दिवशीचा निर्णय बरोबर होता की चूक, हा वाद त्या सोळा घरांत कोणी घातला असेल, असे मला वाटत नाही.

पंचावर टीका जरूर करावी. नियम वाचून करावी, स्वतःच्या डोळ्यांवर थोडा अविश्वास ठेवून करावी. आपल्या बाजूने झालेली एक चूक आठवून मग विरुद्धची सांगावी. स्वीडनच्या अँडर्स फ्रिस्क या नामांकित पंचाने २००५ साली जिवे मारण्याच्या धमक्यांमुळे शिट्टी कायमची खाली ठेवली. असे झाले की नवा मुलगा पंच व्हायला धजत नाही, आणि पंचाशिवाय बावीस जणांचा खेळ होत नाही, झोंबाझोंबी होते.

कोलकात्यात १६ ऑगस्टला त्या सोळा जणांच्या आठवणीत रक्तदान होते. दोन्ही संघांचे चाहते येतात, शेजारच्या खाटांवर पडतात. वाद तिथेही चालत असणारच, आणि तो चालावा. शेजारच्या खाटेवरचा माणूस दुसऱ्या रंगाचा असला तरी आपलाच आहे, एवढे ध्यानात राहिले म्हणजे झाले.