पाण्यानं आणलेलं सोनं

जपानच्या पश्चिमेला समुद्रात सादो नावाचं बेट आहे. दरबाराची मर्जी फिरली की माणसाची रवानगी तिकडे व्हायची. १२२१ मध्ये पदच्युत सम्राट जुन्तोकू गेला, १२७१ मध्ये बौद्ध आचार्य निचिरेन, १४३४ मध्ये नोह रंगभूमीचा थोर नाटककार झेआमी. झेआमीनं तिथं १४३६ मध्ये जे लिहिलं त्याला नाव दिलं ‘किन्तोशो’, म्हणजे सुवर्णद्वीपाची पोथी. ओढ्याच्या वाळूत सोन्याचे कण मिळतात हे तेव्हाही लोकांना ठाऊक होतं. डोंगराच्या पोटातल्या आइकावाच्या जाडजूड शिरा मात्र हाती लागल्या १६०१ मध्ये. मग काय, तोकुगावा शोगुनांनी हे बेट थेट आपल्या अमलाखाली ठेवलं!

ज्वालामुखी म्हटलं की तो सोनं ओकत असेल असं वाटतं. खरी हमाली करतं ते गरम पाणी. जमिनीखाली दोनशे-तीनशे अंश तापलेलं पाणी प्रचंड दाबामुळे उकळत नाही. त्यात गंधक असतं आणि गंधकाच्या आधारानं सोनं चक्क विरघळून वर येतं. वाटेत एखादी भेग लागली की दाब उतरतो आणि पाणी एकदम उकळायला लागतं, कुकरचं झाकण घाईनं उघडावं तसं. वाफेबरोबर गंधकाचा वायू निसटतो. आधार गेला की सोनं-चांदी तिथंच बसते आणि भोवती गारेचे थर चढतात. भेग बुजते, भूकंपानं पुन्हा फुटते, पुन्हा पाणी, पुन्हा थर. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी मांडलं की भूकंपात खडक सरकून भेग अचानक रुंदावली, तर आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि सोनं तिथल्या तिथं साचतं. म्हणजे धरणीकंप हाही एक सोनार!

अशा शिरेत पिवळं काही चमकत असेल, तर आधी संशय घ्यावा. ते बहुतेक लोखंड आणि गंधकाचं फसवं खनिज निघतं. सादोच्या खाणकामगारांची नजर शोधायची ती पांढऱ्या गारेतले काळपट पट्टे. या पट्ट्यांना ते ‘गिनगुरो’ म्हणत. त्यातलं सोनं इतकं बारीक की डोळ्यांना दिसतच नाही.

आता हिशेब. १६०१ ते १९८९ या ३८८ वर्षांत सादोच्या खाणीतून सुमारे दीड कोटी टन दगड निघाला. त्यातून सोनं मिळालं ७८ टन आणि चांदी २,३३० टन. एक टन दगड फोडा, अर्धा तोळा सोनं घ्या. चांदी सोन्याच्या जवळजवळ तीसपट निघाली, तरी लोक त्या खाणीला सोन्याचीच खाण म्हणतात. चांदीच्या नशिबी हे नेहमीचंच. दोन्ही धातू एकमेकांत मिसळलेले असत आणि ते सोडवायला लागायचं मीठ! मिसळलेल्या धातूची पूड मिठात घालून भाजली की चांदी मिठातल्या क्लोरीनला चिकटते आणि सोनं वेगळं राहतं. त्याच बेटावर १६२१ पासून कोबान नावाच्या सोन्याच्या मोहरा पाडल्या जाऊ लागल्या.

लोकांनी वरून शीर पोखरायला घेतली आणि डोंगराचा माथाच दुभंगला. तीसेक मीटर रुंद आणि सत्तरेक मीटर खोल अशी ती फट आजही लांबून दिसते. आतल्या बोगद्यांची एकूण लांबी सुमारे ४०० किलोमीटर. कातळ मऊ व्हावा म्हणून डोंगराच्या देवाला आळवण्याचा ‘यावारागी’ नावाचा विधीही तिथं आहे. छिन्नी-हातोडी हातात असताना देवाला साकडं घालणं मला तरी अगदी व्यवहारी वाटतं.

पण खरा वैरी पाणी. सोनं आणून ठेवणारं तेच, खाण बुडवणारंही तेच. उपसायला लाकडी नळीत मळसूत्र बसवलेले पंप आले. १६९१ ते १६९६ या काळात निचऱ्यासाठी नऊशे मीटरांहून लांब बोगदा खोदला गेला, तोही दोन्ही टोकांकडून आणि मधूनसुद्धा एकाच वेळी. सगळे तुकडे जुळले. त्यातून आजही पाणी वाहतं. तरी खोल भागातलं पाणी माणसांनाच उपसावं लागे. १७७८ पासून एदो, म्हणजे आजच्या टोकियोतली, बेघर आणि नोंदवहीतून नाव गेलेली माणसं पकडून या कामाला पाठवली गेली. अशी सुमारे १,८०० माणसं तिथं गेली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोरियातून आणलेले सुमारे १,५०० कामगार याच खाणीत राबले. म्हणून सादोला जागतिक वारशाचा दर्जा द्यायचा की नाही, यावर जपान आणि दक्षिण कोरियात बरीच वर्षं खडाखडी चालली. निकाल लागला जुलै २०२४ मध्ये, आणि तो आपल्या नवी दिल्लीत भरलेल्या बैठकीत. कोरियन कामगारांचा इतिहासही तिथं मांडायचा, या बोलीवर.

सोनं थेट हवेत उधळणारा ज्वालामुखीही आहे बरं का. अंटार्क्टिकाजवळ रॉस बेटावरचा माउंट एरेबस. त्याच्या वायूतून दिवसाला सुमारे ८० ग्रॅम, म्हणजे आठ तोळे, सोन्याचे अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. लग्नसराईत हे घरात न सांगितलेलं बरं.

सादोचे ज्वालामुखी कधीच थंड झाले. पापुआ न्यू गिनीच्या लिहीर बेटाचं पोट मात्र अजून गरम आहे. तिथल्या ज्वालामुखीचा समुद्राकडचा भाग पूर्वी कोसळला, खालच्या पाण्यावरचा दाब एकाएकी उतरला आणि जगातल्या मोठ्या सुवर्णसाठ्यांपैकी एक जमला. २००६ मध्ये संशोधकांनी तिथलं खोल पाणी तपासलं. त्यांच्या हिशेबानं ते आजही वर्षाला सुमारे २४ किलो सोनं वर आणतं. या वेगानं सगळा साठा जमायला ५५,००० वर्षं पुरतात. भूगर्भशास्त्रात हा चहा उकळण्याइतकाच वेळ. १९९७ पासून तिथं खाण चालू आहे आणि छिद्र पाडलं की वाफ फुसांडते. खाणवाल्यांनी त्याच वाफेवर वीज काढली आणि खाणीलाच जोडली.