पेटी टांगल्यानंतर

मार्च निम्मा सरला की नाशकात सगळ्यांना एकदम चिमण्या आठवतात. शाळा, बँका, सोसायट्या, निवडणुकीच्या तयारीतले कार्यकर्ते, सगळे लाकडी घरटी वाटायला निघतात. 20 मार्चचा जागतिक चिमणी दिवस 2010 पासून पाळला जातो. त्यात पुढाकार होता तो नाशिकच्याच मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीचा, त्यामुळे या उत्साहावर आमच्या गावाचा थोडा हक्कही आहे. पेटी गॅलरीच्या गजाला तारेने आवळायला दहा मिनिटं पुरतात. आमच्या निसर्ग मंडळाचं खरं काम त्यानंतर सुरू होतं आणि त्याचे फोटो काही चांगले येत नाहीत.

मंडळ म्हणजे निवृत्त शिक्षक असलेले आमचे सर, एक विमा एजंट, दवाखान्यातल्या दोन सिस्टर, कॉलेजची चार पोरं आणि रविवारी सकाळी घरात कुणाला नको असलेली माझ्यासारखी काही माणसं. भद्रकाली, रविवार कारंजा, पंचवटी अशा गल्ल्या आम्ही वाटून घेतल्या आहेत. प्रत्येकाकडे एक लांबट वही. पेटीचा नंबर, वेळ, ऊन की ढग, आणि काय दिसलं, एवढेच रकाने. शेवटच्या रकान्यात सर्वांत जास्त वेळा जो शब्द येतो तो म्हणजे ‘रिकामी’. नवीन आलेली पोरं तिसऱ्या-चौथ्या आठवड्याला या शब्दाला कंटाळतात आणि तिथे नुसती आडवी रेघ मारायला लागतात. सर मग ती वही परत देतात. रेघ म्हणजे तू गेलाच नाहीस असंही होतं, रिकामी म्हणजे तू पंधरा मिनिटं थांबलास आणि कुणी आलं नाही. सरांच्या लेखी या दोन्हींत फार अंतर आहे.

मंडळाचा एक नियम कडक आहे. वापरात असलेली पेटी उघडायची नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ‘शिकार’ या शब्दात पक्ष्यांची अंडी किंवा घरटी छेडणंही धरलं आहे. पण कायदा नसता तरी कारण पुरेसं आहे. उडायच्या बेतात आलेल्या पिल्लांपुढे झाकण उघडलं, तर ती घाबरून पंख भरायच्या आधीच बाहेर पडतात आणि मग खाली मांजर असतंच. म्हणून पेटी खालून वाचायची.

आणि ती खालून चांगली वाचता येते. नर आधी एकटाच येतो. पेटीच्या टपावर बसून एकाच सुरात चिवचिवाट लावतो. गळ्यावरचा काळा पट्टा जितका मोठा तितकी त्याची मिजास जास्त. मादीला जागा पसंत पडली की दोघांच्या चोचीत काड्या, सुतळीचे धागे, वाळकं गवत दिसायला लागतं. पुढे गवताऐवजी पिसं येऊ लागली की आतलं अस्तर चाललंय असं समजायचं. मग काही दिवस शांतता. एक जण आत जातो, दुसरा बाहेर पडतो, चोच रिकामी. अंडी उबवणं चालू आहे. साधारण बारा-तेरा दिवसांनी एकाएकी धावपळ उडते आणि चोचीत हिरवट काहीतरी वळवळताना दिसतं. चिमणी एरवी दाणे टिपणारी, पण पिल्लांना सुरुवातीला अळ्या आणि किडेच लागतात. त्यानंतर पाहायची ती एक बारीकशी पांढरी गोळी. आईबाप आत घास घेऊन जातात आणि बाहेर येताना ती चोचीत धरून लांब नेऊन टाकतात. ही पिल्लांची विष्ठा, पातळ पापुद्र्यात बांधलेली. ती दिसली की आत पिल्लं जिवंत आहेत याची खात्री, पेटीला हातही न लावता. शेवटी भोकातून पिवळ्या कडांची चोच बाहेर येते. त्या आठवड्यात आम्ही रस्त्याच्या पलीकडेच उभे राहतो.

माझ्या वाट्याच्या गल्लीत एक जुना वाडा आहे. त्याच्या ओसरीतली पेटी पहिल्या वर्षभर रिकामी राहिली. वाड्यातल्या आजी मला रोज असल्यासारखी हाक मारायच्या.

“बस गं ओट्यावर. पण त्या पेटीत नाही जात ती. तिने मीटरवर घर केलंय. पेटी तुमच्यासाठी आहे.”

वर पाहिलं तर खरंच, विजेच्या मीटरची पेटी आणि भिंत यांच्या फटीतून गवत लोंबत होतं. आजींच्या लहानपणी चिमण्या भिंतीवर तिरक्या टांगलेल्या देवाच्या तसबिरींमागे, वळचणीला, कौलांखाली घरटं करायच्या आणि रोज केर काढताना काड्या निघायच्या. आता कौलांच्या जागी स्लॅब आला आणि तसबिरी भिंतीला सपाट चिकटल्या. राहिली ती मीटरची फट, दुकानाच्या शटरची गुंडाळी, ट्यूबलाइटच्या मागची जागा. ‘चिमण्या गेल्या’ असं म्हणणाऱ्याला आम्ही आधी मीटर तपासायला सांगतो. आजींच्या म्हणण्यावरून आम्ही वहीत एक रकाना वाढवला: ‘पेटीबाहेरची घरटी’. हा रकाना मूळ रकान्यापेक्षा लवकर भरतो.

पेट्या रिकाम्या का राहतात याची कारणं पुष्कळदा पेटीतच असतात. वाटपाच्या पेट्यांना भोकाखाली एक गोंडस दांडी ठोकलेली असते. चिमणीला ती लागतच नाही. तिच्या आधाराने बसून कावळा किंवा साळुंकी आत चोच घालते. भोक सव्वा इंचाचं पुरतं. दोन इंचांचं ठेवलं की साळुंकी घुसते. दयाळला मात्र तेवढं लागतंच, म्हणून बागेतल्या दयाळच्या पेट्या वेगळ्या. रंगीत, भुश्याच्या फळीच्या पेट्या पहिल्या पावसात फुगतात. शाळेतल्या कार्यशाळेत केलेली बुटांच्या खोक्यांची घरटी तर जूनमध्ये लगदा होऊन खाली येतात, आणि त्यात अंडी असली तर अंड्यांसकट. त्यापेक्षा मुलांना अर्धा तास एखाद्या खऱ्या घरट्याखाली बसवावं, असं माझं ठाम मत आहे. आमचा सुतार साध्या पाइन फळीची पेटी करतो, तळाला पाणी निथळायला चार बारीक छिद्रं, वर पुढे आलेलं झापड. टांगताना एकच पथ्य: तोंड पश्चिमेला नको. एप्रिलच्या अखेरीस नाशिकचा पारा चाळिशी गाठतो आणि दुपारचं ऊन थेट लागणारी पेटी भट्टी होते.

घराघरांत दिवाळीची साफसफाई सुरू झाली की आमचीही होते. सलग काही आठवडे ‘रिकामी’ अशी नोंद असलेल्या पेट्याच तेवढ्या उतरवून उघडतो. वर्षभर खालून केलेले अंदाज तेव्हा पडताळता येतात. चिमणीचं घरटं म्हणजे पेटीत ठासून भरलेला पसारा: गवत, झाडूच्या काड्या, सुतळी, कापूस, कबुतराची पिसं, राखीचा रेशमी धागा, कॅरीबॅगची चिंधी. साळुंकीच्या घरट्यात बऱ्याचदा सापाची कात मिळते. दयाळचं घरटं मात्र आटोपशीर, मुळ्यांची नि गवताची उथळ वाटी. नुसता काथ्याचा आणि कापसाचा मऊ गोळा निघाला, तर भाडेकरू खार होती. काही पेट्यांत गांधीलमाश्यांचं पोळं, काहींत कुंभारमाशीने लिंपलेली मातीची गाडगी. ही सगळी नोंद होते, कारण पेटी कुणी वापरली हेही कळायला हवं.

या उकललेल्या घरट्यांत आम्ही सर्वांत जास्त शोधतो तो नायलॉनचा मांजा. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये देशभर त्यावर बंदी घातली. तरी संक्रांत झाली की तारांवर, झाडांवर लोंबतोच, आणि चिमणीला तो छानसा धागा वाटतो. घरट्यात विणला गेला की पिल्लाच्या पायात गुंततो. बाकीची उडून जातात आणि ते एकटं मागे राहतं. वाळलेलं, पायात गाठ बसलेलं पिल्लू हातात आलं की कॉलेजची पोरं गप्प होतात. वहीत तेव्हा लिहायचं: पेटी क्रमांक, पिल्लू एक, कारण मांजा. फेब्रुवारीत पेट्यांच्या आसपासचा मांजा काढायची फेरी या नोंदींमुळेच सुरू झाली. लांब बांबूला आकडा बांधून फिरणाऱ्या आमच्या टोळीकडे लोक संशयाने बघतात.

अशा रटाळ नोंदींनी काय होतं, असं कुणी विचारलं की सर सालिम अलींचं उदाहरण देतात. मुंबईच्या खेतवाडीत वाढलेल्या या मुलाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, छऱ्याच्या बंदुकीने खेळण्याच्या वयात, एका चिमणीच्या घरट्याबाहेर पहारा देणारा नर मारला. थोड्याच वेळात त्याच मादीसोबत दुसरा नर त्या जागी हजर. सात दिवसांत त्याने असे आठ नर टिपले आणि ते लिहून ठेवलं. गोळी आज कुणी समर्थनीय म्हणणार नाही. पण त्या पोराने लिहून ठेवलं, हे सरांना महत्त्वाचं वाटतं. ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ या 1985 च्या आत्मचरित्रात ते टिपण वाचायला मिळतं.

देशभरातल्या हौशी निरीक्षकांच्या अशाच नोंदी एकत्र करून 2020 मध्ये ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवाल आला. त्याने आमच्या भाषणबाजांची पंचाईत केली. देशाचा एकूण विचार करता चिमणी बऱ्यापैकी स्थिर आहे, घट आहे ती मोठ्या महानगरांत, असं त्यात निघालं. मोबाइल टॉवरमुळे चिमण्या संपल्या या लाडक्या समजुतीलाही त्यात भक्कम आधार मिळाला नाही. तरीही 20 मार्चच्या भाषणांत टॉवर येतोच. अळ्या मिळतील अशी झुडपं, देशी गवत, थोडी मातीची जागा यांच्याबद्दल कुणी बोलत नाही, कारण त्या वाटता येत नाहीत.

जानेवारीत वह्या बदलतात. आशियाई पाणपक्षी गणनेच्या सुमारास मंडळ नांदूर मध्यमेश्वरला जातं. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी बंधारा बांधला. तो गाळाने भरत गेला. पाटबंधाऱ्याच्या दृष्टीने तोटाच, पण उथळ पाणी, बेटं आणि पाणवनस्पती यांमुळे पक्ष्यांची चंगळ झाली. 2020 च्या जानेवारीत महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ म्हणून त्याचं नाव जाहीर झालं. पहाटे चापडगावच्या मनोऱ्यावर धुकं असतं आणि मोजायला काही नसतं. नुसते जांभळ्या पाणकोंबड्यांचे आवाज.

धुकं वर गेलं की मोजणी सुरू. बदकं एक-एक मोजत नाहीत. आधी दहा मोजायची, दहांचा थवा पाण्यावर केवढा दिसतो ते डोळ्यांत बसवायचं, मग तेवढेच तुकडे पुढे सरकवत जायचे. थवा मोठा असेल तर शंभराचा तुकडा. एक जण दुर्बिणीतून डोळा काढत नाही, दुसरा लिहितो. “तलवार, दोन तुकडे. थापट्या, सहा. हळदी-कुंकू, चार नग.” वारकरी पक्षी इतके, की ते शेवटी ठेवायचे. काठाला चित्रबलाक, चमचे, शराटी; ते ठळक, म्हणून नवख्यांच्या वाट्याला. सत्तर-ऐंशी टक्के उरकत आलं की हमखास दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी गवतावरून खालून तरंगत येतो आणि अख्खं पाणी उडतं. पुन्हा पहिल्यापासून. वैतागून काही उपयोग नसतो. हवेत फिरणाऱ्या थव्यात मात्र पाण्यावर न दिसलेली चार जातींची बदकं दिसून जातात.

परतीच्या वाटेवर मिसळीच्या टेबलावर आकडे जुळवतात. दोन गटांचे आकडे कधीच जुळत नाहीत, आणि तर्री संपेस्तोवर वाद चालतो. मोठा आकडा लिहायचा मोह सगळ्यांनाच होतो, कारण तो छापून यायला बरा वाटतो. सर दोन्ही आकडे, दोन्ही नावांसह लिहायला लावतात.

त्याच टेबलावर पुढच्या हंगामाच्या गल्ल्या वाटल्या जातात. वाड्यांचा भाग सगळ्यांना हवा असतो, कारण तिथे आज्या असतात आणि आज्या चहा देतात. मार्केट यार्डाच्या पेट्या नको असतात. तिथे ट्रकची गर्दी, कबुतरांचा कचरा, हमालांच्या शंका, आणि सांडलेलं धान्य मुबलक असूनही पेट्या ओस. यंदा एका सिस्टरनी त्या मागून घेतल्या. त्यांची ड्यूटी पहाटे सुटते आणि बस यार्डावरूनच जाते. त्यांनी फक्त एवढं विचारलं, की कबुतरं वहीत लिहायची का.

“लिहायची,” सर म्हणाले, “आणि शटरच्या गुंडाळ्याही बघा.”